एनबीडी सर्व्हरच्या कोडमधे कोरूटीन_एफएन लावताय? या चुका टाळा

क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कोडमधे (एनबीडी हा त्यातला नेटवर्कवरून डिस्क पुरवणारा भाग) पहिल्यांदा हात घालणाऱ्यांना वाटतं की फंक्शनच्या आधी कोरूटीन_एफएन, म्हणजे ‘हे फक्त कोरूटीनमधून, मधेच थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या कामातून, बोलवा’ ही खूण, लिहिलं की पुढचं कंपायलर बघून घेईल. तो काही बघत नाही. जीसीसी कंपायलरमधे हा मॅक्रो चक्क रिकामा आहे, क्लँग कंपायलरमधे नुसतं लेबल चिकटतं, ते तपासायला वेगळं टूल लागतं, त्यामुळे वॉर्निंग आली नाही म्हणून खूश होऊ नका.

दुसरी चूक म्हणजे दिसेल त्याला लावत सुटणं. एनबीडी_रीड घ्या, सर्व्हर ते कोरूटीनमधून वापरतो पण क्यूएमू-एनबीडी क्लायंट म्हणून चालतो तेव्हा तेच फंक्शन साध्या थ्रेडमधून बोलावलं जातं. खालचा चॅनेलचा कोड आपण कोरूटीनमधे आहोत का ते विचारतो, असलो तर यील्ड (थांबून ताबा दुसऱ्याला देणं), नसलो तर सरळ वाट बघत बसतो. अशांसाठी कोरूटीन_मिक्स्ड_एफएन आहे ना, ते वापरा. याउलट निगोशिएशनमधली (कनेक्शनच्या सुरुवातीच्या बोलणीतली) जी स्टॅटिक फंक्शनं फक्त एनबीडी_निगोशिएट मधूनच पोचतात त्यांना बिनधास्त लावा.

पण लावायच्या आधी आत काय चाललंय ते वाचा! स्टार्टटीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करायची विनंती) हाताळणारं फंक्शन 2024 पर्यंत कोरूटीनच्या आतच स्वतःचा जी_मेन_लूप (घटनांची वाट बघणारा लूप) फिरवून टीएलएस हँडशेक संपायची वाट बघायचं, आता कोरूटीनने ब्लॉक करायचं नसतं, यील्ड करायचं असतं, त्यामुळे आधी ते दुरुस्त झालं आणि मग बाकीच्यांवर खुणा आल्या. दुरुस्तीतही एक मेख आहे, हँडशेक कधीकधी तिथल्या तिथे पुरा होतो आणि कॉलबॅक यील्डच्या आधीच येतो, म्हणून यील्ड करण्याआधी कंप्लीट फ्लॅग बघायचा आणि कॉलबॅकमधे कोरूटीन अजून चालूच असेल तर तिला उठवायचं नाही. फ्लॅग बघायला विसरलात तर मग कनेक्शन लटकलंच समजा.

फंक्शन पॉइंटरलाही खूण लागते, ते हमखास राहतं.

आणि ‘को-रूटीन इज यील्डिंग टू नो वन’ म्हणत प्रोसेस अ‍ॅबॉर्ट झाली तर जीडीबी या डीबगरमधे बॅकट्रेस (कोणी कोणाला कॉल केलं त्याची यादी) काढा, कोरूटीनसाठी यूकॉन्टेक्स्ट बॅकएंड असेल तर तळाशी कोरूटीन_ट्रॅम्पोलिन दिसायला हवं, नसेल तर कोणीतरी थेट मेन लूपमधून कॉल केलाय, वरून एकेक कॉलर तपासत जा. लटकलेल्या कोरूटीनचा स्टॅक मात्र साध्या बॅकट्रेसमधे दिसत नाही, त्यासाठी सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली क्यूएमूची जीडीबी स्क्रिप्ट लोड करावी लागते.