फॉन्टमधली चिन्हं चित्र म्हणून कशी वापरावीत

कात्री, विमान, बाण, चांदणी, फोनचा रिसीव्हर. असं एखादं छोटं चित्र डिझाइनमध्ये हवं असलं की आपण थेट इंटरनेटवर शोधायला जातो. हाती येते ती पांढऱ्या चौकोनात अडकलेली, मोठी केली की पिक्सेल फुटणारी जेपीजी. तेच चित्र बऱ्याचदा आपल्याच कॉम्प्युटरमधल्या फॉन्टमध्ये असतं. फॉन्टमधलं अक्षर वक्ररेषांनी आखलेलं असतं, त्यामुळे ते नखाएवढं छापा नाहीतर भिंतीएवढं, कड स्वच्छच राहते.

सुरुवात घरच्या फॉन्टपासून करा. विंडोजवर विंगडिंग्ज आणि वेबडिंग्ज हे अक्षरांऐवजी चिन्हं असलेले फॉन्ट असतातच. मॅकवर झाफ डिंगबॅट्स मिळतो. हर्मन झाफ यांनी १९७८ साली केलेला हा फॉन्ट आजही देखणा वाटतो. त्यातल्या चांदण्या आणि पानाफुलं एकदा मोठी करून बघाच. नव्या धाटणीचे आयकॉन हवे असतील तर गूगलचा मटेरियल सिम्बॉल्स किंवा फॉन्ट ऑसमची मोफत आवृत्ती उतरवून घ्या. दुसरीकडून फॉन्ट घेताना सोबतची परवान्याची फाइल आधी वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलं असेल, तर गिऱ्हाइकाच्या कामात तो वापरू नका. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर व्यावसायिक कामालाही चालतो.

आता हवं ते चिन्ह शोधायचं. कोणत्या कळीवर काय आहे हे पाठ करण्याची गरज नाही. चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते: इलस्ट्रेटरमध्ये टाइप मेनूत ग्लिफ्सचं, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या अक्षर-चिन्हांचं, पॅनेल आहे, कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की तशीच खिडकी उघडते, इंकस्केपमध्ये टेक्स्ट मेनूत युनिकोड अक्षरांची यादी मिळते. फॉन्ट निवडा, चिन्हावर डबल-क्लिक करा. कळफलकावरून टाइप करणार असाल तर तो आधी इंग्रजीवर आणा. मराठी चालू राहिला तर विंगडिंग्जमध्ये देवनागरी अक्षरं नसल्यामुळे सॉफ्टवेअर दुसराच फॉन्ट उचलतं आणि पडद्यावर ‘क’ उमटतो.

चिन्ह आलं की लगेच त्याचं चित्र करून टाकू नका. ते अक्षर आहे तोवर अक्षराच्या सगळ्या सोयी हाताशी असतात. एकच वेलबुट्टी वीस वेळा टाइप करून अक्षरांमधलं अंतर कमी करा, किनार तयार. फॉन्ट बदलून दुसरी नक्षी बघता येते. मटेरियल सिम्बॉल्स व्हेरिएबल फॉन्ट आहे, त्यामुळे रेषेची जाडी १०० ते ७०० यांच्यामध्ये कुठेही ठेवता येते आणि आकार भरीव की पोकळ तेही ठरवता येतं. हे सगळं मनासारखं झालं की टेक्स्टची एक प्रत बाजूला, लपवलेल्या लेयरवर ठेवा. पुढची पायरी फाइल बंद केल्यावर मागे फिरवता येत नाही.

ती पायरी म्हणजे अक्षराचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या वक्ररेषांच्या आकारात, रूपांतर. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप. आता ते खरोखरीचं चित्र झालं. नोड म्हणजे रेषेवरचे बिंदू ओढा, कोपरे गोल करा, एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग (ग्रेडियंट) भरा, दुसऱ्या आकारात जोडा. वेगवेगळ्या भागांना वेगळे रंग द्यायचे असतील तर आकृती सुटी करावी लागते. तेव्हा आतली भोकं भरून गेल्यासारखी दिसतील, कारण भोकसुद्धा एक वेगळा आकार बनतो आणि त्यातही रंग भरतो. घाबरू नका. त्या आकाराला हवा तो रंग द्या, किंवा तो खालच्या आकारातून वजा करा, की भोक परत येतं.

चिन्ह बरोबर मध्यावर बसवण्याचं कामही कर्व्ह केल्यावरच करावं. अक्षराच्या आजूबाजूला अदृश्य मोकळी जागा असते आणि सॉफ्टवेअर तीही मोजतं. म्हणून गोलाच्या मधोमध ठेवलेला बाण थोडा वर किंवा एका बाजूला सरकलेला दिसतो. कर्व्ह झाल्यावर फक्त आकार मोजला जातो.

फाइल छपाईला किंवा कटिंगला देणार असाल तर एकही चिन्ह टेक्स्ट म्हणून राहू देऊ नका. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर चिन्हाच्या जागी रिकामी चौकट किंवा भलतंच अक्षर येतं. विंगडिंग्जमधला हसरा चेहरा इंग्रजी ‘जे’च्या जागेवर आहे, त्यामुळे फॉन्ट हरवला की तिथे नुसता ‘जे’ दिसतो. पाठवण्यापूर्वी फाइलमधल्या फॉन्टची यादी उघडून बघा; त्यात चिन्हांच्या फॉन्टचं नाव दिसलं तर एखादं चिन्ह कर्व्ह करायचं राहिलंय, किंवा ती लपवलेली प्रत फाइलमध्येच आहे. ती प्रत मूळ फाइलमध्ये असू द्या आणि छपाईच्या फाइलमधून काढून टाका.