रविवारचं नेट कसं चालवायचं

पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. चार रविवार आमचं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांचं, नेट दुसऱ्या कुणीतरी चालवायचंय. विचारलं की प्रत्येकजण म्हणतो, "ताई, मला नाही जमणार, तुम्ही किती छान बोलता!" अहो, मी बोलतच नाही. रात्री ९ ते ९.४० या वेळात माझं बोलणं सगळं मिळून दहा मिनिटं भरेल. बाकी मी ऐकते आणि वहीत लिहिते. टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर सत्तावीस वर्षं काढली, तिथेही हेच केलं.

नेट म्हणजे इंटरनेट नव्हे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हॅम मंडळींनी जमायचं. हजेरी, बातम्या, निरोप. सूत्रं ज्याच्या हातात, तो नेट कंट्रोल. आमचं नेट दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, रेपीटरवरून चालतं. तुमचा आवाज रेपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ६०० किलोहर्ट्झ बाजूच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर उंचावरून परत सोडतो. लायसन्स अर्थातच हवं. नसेल तर तूर्त शेजारी बसून वही सांभाळा, तीही मदतच आहे.

पावणेनऊला बसा. वहीला चार रकाने आखा: वेळ, कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेलं रेडिओवरचं नाव), कुठून, कसं ऐकू आलं. वेळ यूटीसीत, जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. रात्रीचे ९ म्हणजे १५.३०. पेन दोन ठेवा. घरात सांगून ठेवा की चाळीस मिनिटं मिक्सर नको. आणि माइक टेबलावर उघडा ठेवा, उशीखाली किंवा मांडीवर नको. एकदा माझं माइकचं बटण उशीखाली दाबलेलं राहिलं आणि कुकरच्या तीन शिट्ट्या, शिवाय "भेंडी परत?" हा यजमानांचा प्रश्न पनवेलपर्यंत ऐकू गेला.

बटण दाबलं की लगेच बोलू नका, मनात 'एक' म्हणा. रेपीटरला उघडायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. दुसऱ्याचं बोलणं संपलं की पुन्हा थांबा, या वेळी दोन सेकंद. कुणाला तातडीचं काही सांगायचं असेल तर तो त्या फटीतून आत येतो. दोघं गप्पिष्ट हॅम फट न ठेवता चेंडू टोलवत बसले की मी सरळ मध्ये बोलते. रागावतात. रागावू देत.

सुरुवातीला स्वतःची कॉलसाइन, नेटचं नाव, वेळ, आणि मग पहिला प्रश्न: "तातडीचा निरोप कुणाकडे आहे का?" हे विचारून मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक रविवारी काहीच येत नाही आणि ते दहा अंक फार लांब वाटतात. तरी गाळू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मोबाइल मुके झाले. त्यानंतर हा प्रश्न मी कधी घाईत विचारलेला नाही.

मग हजेरी. घरच्या मोठ्या अँटेनावाल्यांना शेवटी घ्या, त्यांना पळायचं नसतं. आधी मोबाइल, म्हणजे गाडीतले, आणि हॅंडीवाले, म्हणजे हातातल्या छोट्या सेटवरचे. हॅंडीची बॅटरी संपते, आणि लोकलमधला माणूस तर हातातून निसटतोच: २०२२ पर्यंत फास्ट लोकल पारसिक बोगद्यातून जायची, त्यात शिरली की गेला तो कामातून. रविवारी मेगाब्लॉक असला की स्लोवरून यायचा आणि बोगदा चुकायचा, तेवढाच फायदा. गिरगावात चाळीच्या तळमजल्यावरून कुणी खरखरत आलं तर त्याला ओरडायला लावू नका, त्याने सिग्नल वाढत नाही. "गॅलरीत या, अँटेना उभी धरा" एवढंच सांगा. तरीही नाही आलं तर विचारा, "यांना कोण ऐकतंय?" एखादा वरळीचा किंवा भायखळ्याचा हॅम रिले करून देतो. निरोप पोचवायची ही पद्धत अंगवळणी पडते ती अशा साध्या रविवारीच.

दोघं एकदम बोलले, म्हणजे डबलिंग झालं, तर एफएमवर जोरकस सिग्नल कमजोराला झाकून टाकतो. तुम्हाला एकच आवाज स्वच्छ येईल आणि दुसरा होता हे कळणारही नाही, फार तर मागे एक किंचाळी ऐकू येईल. म्हणून प्रत्येक नाव लिहून झालं की विचारा: "याच वेळी आणखी कुणी होतं का?" अर्धवट ऐकलं असेल तर जेवढं ऐकलं तेवढंच बोला: "शेवटी झुलू असलेलं स्टेशन, पुन्हा या." (झुलू म्हणजे झेड.) "पुन्हा या, पुन्हा या" असं मोघम ओरडलात की पाचजण एकदम येतात.

कॉलसाइन आंतरराष्ट्रीय पद्धतीने, अल्फा, ब्राव्हो, चार्ली. पण मराठी नाव त्यात अडकतं. 'भाटे' की 'बाटे' हे ब्राव्होने ठरत नाही. तिथे मी बालवाडीत जाते: भटजीचा भ, बदकाचा ब, बाणाचा ण. मुलं हसतात, पण चूक होत नाही. आकडे मात्र मराठीत जोडून कधीच नकोत. त्रेपन्न की त्रेसष्ठ, एकोणसाठ की एकोणसत्तर, खरखरीत काही कळत नाही. 'पाच-तीन' म्हणा, 'सहा-तीन' म्हणा.

(या छंदात पुरुष कोणत्याही वयाचा असला तरी ओएम, म्हणजे ओल्ड मॅन, आणि बाई वायएल, म्हणजे यंग लेडी. मी एकसष्टाव्या वर्षी यंग लेडी आहे. हा नियम बदलायचा प्रस्ताव कुणी आणलाच तर मी विरोधात.)

बातम्या तीन, फार तर चार. पहिल्या नेटला मी साडेचार मिनिटं एका दमात वाचलं. आमच्या रेपीटरचा टायमर तीन मिनिटांचा. पुढचं दीड मिनिट मी भिंतीला बातम्या सांगत होते. तेव्हापासून दर बातमीनंतर बटण सोडते. "येत्या रविवारी फॉक्सहंट आहे" ही बातमी नव्हे. किती वाजता, कुठल्या स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला जमायचं, लपवलेला ट्रान्समीटर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर वाजणार, दिशा शोधायची अँटेना कोण आणणार, पाऊस आला तर काय, हे सगळं असेल तर ती बातमी. अवकाश स्थानकावरून चित्रं येणार असतील तर '१४५.८०० वर ऐका' एवढ्यावर थांबू नका. मुंबईच्या आकाशात ते किती वाजता, कुठल्या दिशेने उगवणार तेही द्या, कारण एक फेरी दहा मिनिटांत आटपते. लायसन्सच्या परीक्षेची बातमी दोनदा वाचा: किमान वय १२, जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी स्काउट-गाइडचा जोटा, म्हणजे रेडिओवरचा मेळावा, असतो, त्याची आठवण सप्टेंबरातच करा, शाळांना वेळ लागतो. धंद्याची जाहिरात कुणी कितीही गोड बोलून दिली तरी वाचायची नाही.

शेवटची पाच मिनिटं मी रेपीटर सोडून सगळ्यांना थेट फ्रिक्वेन्सीवर बोलावते. अचानक अर्ध्या मुंबईचा आवाज नाहीसा होतो. मुलुंडहून मला ठाणं उत्तम येतं, कुलाबा अजिबात नाही. रेपीटर बंद पडला तर कोण कुणाला ऐकतो, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. ते पान फाडू नका.

मग रेपीटरवर परत येऊन आभार, संख्या, ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा), आणि "फ्रिक्वेन्सी सर्वांसाठी मोकळी". वेळ लिहा. सेट मात्र लगेच बंद करू नका, दहा मिनिटं चालू ठेवा. महिनाभर नुसता ऐकणारा एखादा नवा पोरगा तेव्हाच, सगळे गेले असं समजून, अडखळत कॉलसाइन बोलून बघतो. त्याला उत्तर द्या, आणि हजेरीत त्याचा नंबर घाला.