पर्यटक म्हणून थायलंडला येऊन निवृत्ती व्हिसा करायचाय? आधी मुंबईतली कामं उरका

दादर-पार्ल्याहून हल्ली ज्यांचे फोन येतात, त्यांचा बेत साधारण एकच असतो: तिकीट काढून येतो, दोन महिने राहून बघतो, आवडलं तर तिथेच व्हिसाचं बघू. हे जमतं. वयाची 50 वर्षं पूर्ण असतील, तर पर्यटक म्हणून उतरून, देश न सोडता, इमिग्रेशन ऑफिसात अर्ज देऊन 90 दिवसांचा ‘नॉन-ओ’ व्हिसा घेता येतो. फी 2,000 बात (बात हे थाई चलन). ते 90 दिवस संपत आले की 1,900 बात भरून वर्षभराची मुदतवाढ, आणि मग दरवर्षी तेच. फक्त ‘बघू’ म्हणत आलात तर फसाल.

पहिली गोष्ट तारखेची. 15 जुलै 2024 पासून भारतीय पासपोर्टला व्हिसाशिवाय 60 दिवस मिळू लागले, त्याआधी 30 मिळायचे. असे आकडे बदलत राहतात, म्हणून व्हॉट्सअॅपवर विश्वास न ठेवता विमानतळावर मारलेल्या शिक्क्यातली तारीख वाचा. अर्ज देताना त्या मुदतीचे किमान 15 दिवस शिल्लक असावे लागतात, काही ऑफिसं 21 मागतात. म्हणजे शिक्का 60 दिवसांचा असेल, तर त्यातले जेमतेम 40-45 कामाचे. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाच्या सुट्ट्या, आला तर त्यातलेही बरेच गेले.

आता खरी अडचण. खर्चाची ऐपत दाखवायला थाई बँकेत स्वतःच्या नावावर 8 लाख बात लागतात. महिना 65,000 बात उत्पन्न असलं तरी चालतं, पण आपल्यातल्या किती जणांची पेन्शन तिथपर्यंत पोचते? तेव्हा 8 लाखच धरा. आणि इथेच घोडं अडतं: बँक म्हणते आधी लांबचा व्हिसा दाखवा, इमिग्रेशन म्हणतं आधी पासबुक दाखवा. ऑनलाइन फसवणुकीसाठी भाड्याची खाती वापरली जायला लागल्यापासून बँका पर्यटकाला खातं द्यायला फारच कचरतात.

यातून वाट आहे, पण क्रम चुकवू नका. हॉटेलात न राहता सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या कराराने घर घ्या. घरमालकाने तुमची नोंद ‘टीएम 30’ फॉर्मवर करायला हवी. कायद्याने ती 24 तासांत व्हायला पाहिजे आणि जबाबदारी त्याची असते, पण मागे लागायचं तुम्ही. ती पावती आणि करार दाखवून इमिग्रेशनकडून रहिवासाचा दाखला घ्या, मग बँकेत जा. परदेशी वस्ती असलेल्या भागातली शाखा निवडा. एका शाखेने नाही म्हटलं तर वाद घालू नका, त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत जा. उत्तर वेगळं मिळू शकतं.

या टप्प्यावर एजंट भेटतो. कागद भरून देणारा, बँकेत सोबत येणारा एजंट घ्यायला हरकत नाही. पण “8 लाख आम्ही खात्यात दाखवतो, तुम्ही फक्त फी द्या” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. उद्या चौकशी झाली तर पासपोर्ट तुमचा असतो, त्याचा नाही.

पैशांची बाजू मात्र पूर्ण मुंबईची. 8 लाख बात म्हणजे 20 लाख रुपयांच्या वर. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तेव्हा मर्यादेची काळजी नाही. काळजी टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते त्या कराची. 1 एप्रिल 2025 पासून आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवर अशा कामासाठी 20 टक्के कापतात. काही हुशार मंडळी 10 लाख मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये पाठवण्याचं गणित मांडतात. गणित जवळपास बरोबर आहे (एप्रिलच्या रकमेतही 10 लाखांच्या वर जे जाईल त्यावर टीसीएस लागेलच), पण मग सगळी धावपळ नेमकी सोंगक्रानच्या तोंडावर येते. माझं मत विचाराल तर टीसीएस कापू द्या, रिटर्न भरून परत घ्या.

खातं इथे आल्यावर उघडणार, म्हणजे पैसे इथूनच पाठवावे लागणार. म्हणून निघण्याआधी आपल्या शाखेत जाऊन परदेशी रेमिटन्सची सोय नेट बँकिंगवर सुरू करून घ्या, परदेशी पैसे पाठवताना लागणारा ए2 फॉर्म कसा द्यायचा ते विचारा, आणि मुंबईचं सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेवा. ओटीपी आला नाही तर 20 लाख असून नसल्यासारखे. रोकड बरोबर आणून खात्यात भरायचा विचार सोडा. रक्कम परदेशातून आली हे बँकेच्या पत्राने दाखवावं लागतं. वर्षाच्या मुदतवाढीसाठी ती अर्जाआधी दोन महिने खात्यात असायला हवी, मंजुरीनंतर तीन महिने तशीच, आणि पुढेही 4 लाखांखाली जाता कामा नये.

जोडप्यांनी एक जास्तीचं काम करायचंय. एकाच्या पैशांवर दुसऱ्याला आश्रित म्हणून व्हिसा मिळतो, पण विवाहाचा दाखला लागतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात मंगल कार्यालयात लग्नं झाली, नोंदणी कोणी केली? शिवाय आपल्याकडे लग्नात बायकोचं पाळण्यातलं नावही बदलायची हौस. दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, हे थाई कारकुनाला समजावणं अशक्य. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून नोंदणी करा, नावं जुळवून घ्या, मग परराष्ट्र मंत्रालय आणि थाई वकिलात यांचे शिक्के घ्या. याला महिने लागू शकतात.

हे सगळं नको असेल तर ‘ओ-ए’ हा निवृत्तीचा दुसरा व्हिसा मुंबईतूनच ऑनलाइन मागता येतो. पैसे भारतातल्या बँकेत राहिले तरी चालतात. पण पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला (हत्तीरोग नाही असं लिहून मागताना फॅमिली डॉक्टर हसतीलच) आणि 1 लाख डॉलरचा आरोग्यविमा लागतो. साठीतल्या ठणठणीत माणसाला हा मार्ग सोपा. पंचाहत्तरीला, मधुमेह असताना, विम्याचा हप्ता ऐकून घाम फुटेल. त्यांनी ‘नॉन-ओ’च बघावा, त्याला विम्याची अट नाही.

व्हिसा झाल्यावर दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला 500 बात दंड, कमाल 20,000. 90 दिवसांपेक्षा जास्त उलटले तर पुन्हा येण्यावर बंदी. वर्षात 180 दिवस इथे राहिलात की कराच्या हिशोबाने थायलंडचे रहिवासी. 1 जानेवारी 2024 पूर्वीची बचत आणली तर त्यावर इथे कर नाही, म्हणून 31 डिसेंबर 2023 च्या शिलकेची स्टेटमेंटं काढून ठेवा. कायमचं राहायचं ठरलं की भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपया खातं) करून घ्यायचं.

आणि भाच्याचं लग्न निघालं म्हणून मुंबईला पळायच्या आधी री-एंट्री परमिट घ्या: एका फेरीला 1,000 बात, कितीही फेऱ्यांना 3,800. न घेता देश सोडलात तर मुदतवाढ तिथेच रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. घाईच असेल तर सुवर्णभूमी विमानतळावरही मिळतं, फक्त रांगेसाठी वेळ ठेवून पोचा.