लोकर कातताना या चुका टाळा

धागा सारखा तुटतोय, मध्येच गुठळ्या येतायत, सूत ताठ होतंय, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा दोष कायम चरख्याला दिलेला असतो. मी चरख्याकडे नंतर बघते. आधी चिमूटभर लोकर मागते आणि बोटांत धरून ओढून पाहते. बहुतेक वेळा बिघाड कातायला बसण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. कातणं सगळ्यांना शिकायचं असतं. धुणं आणि पिंजणं मात्र कसंबसं उरकायचं असतं, आणि मला राग येतो तो याच घाईचा.

कोमट पाण्यात धुतलेली लोकर

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की हिच्यावर सविस्तरच लिहिते. ओळखीतल्या एका मुलीने कातणं नुकतंच सुरू केलं होतं. तिच्याकडची लोकर चांगली, लांब तंतूंची होती. पण सूत कुठे जाड, कुठे केसासारखं बारीक, आणि जिथे बारीक तिथे तुटलेलं. तिने चरख्याला तेल दिलं, दोरी बदलली, बॉबिनचा, म्हणजे कातलेला धागा ज्यावर गुंडाळला जातो त्या रिळाचा, ताण कमी-जास्त करून पाहिला आणि शेवटी नवा चरखा घ्यायचं ठरवलं. मी तिच्या पेळूतून, म्हणजे पिंजून गुंडाळलेल्या लोकरीतून, थोडे तंतू ओढले तर ते सुटे होईनात, पुंजक्यानेच येत होते. बोटं चिकट झाली. ‘धुतलीस कशी?’ म्हणून विचारलं. कोमट पाण्यात साबण घालून रात्रभर भिजत ठेवली होती. गरम पाण्याने लोकर आटते, असं तिने ऐकलं होतं.

कच्च्या लोकरीत मेंढीच्या अंगचा मेणकट पदार्थ असतो, लॅनोलिन. ते साधारण 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. कोमट पाण्यात ते नीट सुटतच नाही. सुटलं तरी पाणी रात्रभर निवत जातं तसं ते पुन्हा तंतूंवर बसतं, आणि सोबत पाण्यातला मळही घेऊन बसतं. अशी लोकर धड कच्चीही नसते, धड धुतलेलीही नसते. नुकतीच कातरलेली कच्ची लोकर तेलकट असतानाच कातणारे लोक आहेत आणि ते उत्तम काततात, कारण ते लॅनोलिन ताजं, मऊ असतं. अर्धवट धुऊन ठेवलेल्या लोकरीत तेच घट्ट होऊन तंतू एकमेकांना चिकटवतं.

पाणी 60 अंशांच्या आसपास हवं, हात घालवणार नाही इतकं. लोकर आटते, तंतू गुंतून तिचा घट्ट नमदा होतो, तो नुसत्या उष्णतेने नाही. तंतूंवर बारीक खवले असतात. ओल्या लोकरीला चोळलं, ढवळलं किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकलं की ते एकमेकांत अडकतात. न हलवता ठेवलेली लोकर गरम पाण्यात सुखरूप राहते. म्हणून आधी टोपात पाणी घ्यायचं, त्यात भांडी घासायचा लिक्विड साबण भरपूर घालायचा, आणि मग जाळीच्या पिशवीत थोडीच लोकर भरून अलगद बुडवायची. वरून नळ सोडायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांत, पाणी निवायच्या आत बाहेर काढायची. पुढचं पाणीही तितकंच गरम. साबणाचं एक-दोनदा, नुसतं एक-दोनदा. शेवटी टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही. ते मेणकट पाणी मोरीत ओतू नका, गार झालं की पाइपात थिजतं.

धुण्याचा सोडा अजिबात नको, क्षाराने तंतू कमकुवत होतो. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडरही नको. तिच्यातली काही एन्झाइम प्रथिनं तोडण्यासाठीच घातलेली असतात, आणि लोकर हे प्रथिनच आहे.

त्या मुलीची सगळी लोकर आम्ही पुन्हा धुतली. नंतर त्याच जुन्या चरख्यावर धागा सरसर निघाला. वाळलेली लोकर मोजल्यावर वजन बरंच घटलेलं पाहून ती घाबरली, पण तसंच होतं. तलम लोकरीत तर निम्मं वजन मेणाचं आणि मळाचं असू शकतं.

धुण्याआधी न निवडणं

अख्खी लोकर पसरा. पोटाकडची, शेण-मूत लागलेली, काटेकुसळांनी भरलेली काढून टाका. हात आखडू नका. कातरताना कात्री एकाच जागी दोनदा फिरली की बोटाच्या पेराएवढे तुकडे पडतात, ते कापलेल्या बाजूने झटकून काढा. सुतातल्या निम्म्या गुठळ्या त्यांच्याच असतात, आणि एकदा पिंजणीत गेले की निघत नाहीत.

एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटका द्या. टणत्कार आला तर ठीक. चरचर आवाज येऊन मधूनच तुटत असेल तर ती लोकर कातू नका, कितीही स्वस्त मिळालेली असो.

मेरिनो मेंढीच्या लोकरीने सुरुवात करू नका. मऊ आहे, पण तंतू बारीक आणि बरेचदा आखूड. आठ-दहा सेंटिमीटर तंतूची मध्यम लोकर घ्या.

पिंजताना तारेच्या दातांच्या फण्यांवर खच्चून लोकर भरू नका. दात दिसत राहतील इतकीच.

हात फार जवळ

तंतू दहा सेंटिमीटरचा आणि दोन हातांत अंतर पाच. म्हणजे एकाच तंतूची दोन्ही टोकं तुमच्याच मुठीत. मग कितीही ओढा, तो सरकणार कसा? नवशिके इथे जोर लावतात, खांदे दुखवून घेतात आणि लोकरीला नावं ठेवतात. हातांतलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त ठेवा आणि मूठ सैल करा. पुढच्या हाताची चिमूट पीळ अडवते. ती सुटली की पीळ मागच्या पेळूत शिरतो आणि तिथे गाठोडं होतं. तसं झालं तर चरखा थांबवा, पीळ उलटा सोडा, मग ओढा. चरख्याच्या पायट्यावरचा पाय चालू ठेवून झटापट करू नका.

अति पीळ, आणि त्यावर वजनाचा उपाय

पाय हातांच्या पुढे धावतो म्हणून पीळ जास्त बसतो. शिकायला आलेल्यांना मी आधी लोकरच देत नाही. रिकामा चरखा, उलटा न फिरता जितका हळू चालवता येईल तितका हळू चालवायला लावते. कंटाळतात, पण ज्यांनी हे केलं त्यांचं सूत महिनाभरात वेगळं दिसतं. बॉबिन धागा ओढून घेत नसेल तर ताण थोडा वाढवा.

दुपदरी करताना, म्हणजे दोन धागे एकत्र पिळताना, चरखा कातलं त्याच्या उलट दिशेने फिरवायचा. विसरायला होतं, म्हणून मी प्रत्येक बॉबिनला दिशेचा बाण काढलेली चिठ्ठी लावते.

आता वजन. जास्त पीळ बसलेली ओली लडी वेडीवाकडी वळते, म्हणून खाली पाण्याने भरलेली बाटली अडकवायची आणि ताणून वाळवायची, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. लडी त्या दिवशी सरळ दिसते, पण पीळ तिथेच असतो. विणलेला स्वेटर पहिल्यांदा धुतला की सूत मूळ लांबीवर येतं, आखडतं आणि कापड तिरकं होतं. मागावरच्या ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, कातलेलं सूत ताणून वाळवलं तर समजू शकते, ते ताणातच राहणार असतं. विणायच्या सुताला हे करू नका.

लडी चार ठिकाणी सैल बांधा, गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, टॉवेलमध्ये दाबा. दोन हातांत धरून चार-पाचदा झटके द्या आणि मोकळी टांगा. अर्धी वाळल्यावर फिरवा, नाहीतर दांडीवर टेकलेल्या जागी मोड राहते. एवढं करूनही खूप वळत असेल तर सूत पुन्हा चरख्यावर घेऊन, दुपदरी करताना चाक ज्या दिशेने फिरवलं होतं तिच्या उलट फिरवून, थोडा पीळ काढा. आधी हातभर सुतावर करून बघा. आधी कातताना एकेका पदरालाच पीळ जास्त बसलेला असेल तर याने सूत आणखी वळेल, तेव्हा दुपदरी करतानाच्याच दिशेने थोडा पीळ द्या.