साउंडबार जोडला, तरी आवाज टीव्हीतूनच?
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात कूलर लावला की टीव्हीतले संवाद त्या घरघरीत बुडतात, म्हणून साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेतला जातो. त्याची एचडीएमआय केबल टीव्हीच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्येच घाला. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारं पोर्ट तेच, बाकीच्या एचडीएमआय पोर्टांतून आवाज बाहेर येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देणारी सोय) चालू करा, साउंड आउटपुट एआरसीवर ठेवा. तरीही साउंडबार गप्प असेल तर डिजिटल आउटपुट 'ऑटो'वरून 'पीसीएम'वर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या आवाजावर न्या. टीव्हीकडून डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींनी दाबून आलेला सिग्नल साउंडबारला उलगडता येत नसेल, तर असं होतं. पीसीएमवर बहुतेक टीव्ही आवाजाचे डावा-उजवा असे दोनच चॅनल पाठवतात, पण बातम्या-मालिकांना तेवढे पुरतात. एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारी) केबल असेल तर टोकांवरच्या पारदर्शक टोप्या आधी काढा, त्या पटकन दिसत नाहीत.