ज्वारीच्या धाटाचा आडवा छेद: या चुका टाळा

एकदल खोडाच्या प्रॅक्टिकलला आमच्या परभणीकडे मका शोधत फिरावं लागत नाही, रब्बीत ज्वारी हाताशी असते. पण पोरं हुरडा खाऊन झाल्यावर उरलेलं, वाळायला लागलेलं धाट आणतात. त्याची साल ब्लेडला दाद देत नाही, गाभा चुरतो आणि दोष ब्लेडला मिळतो. पीक पोटऱ्यात असतानाचं हिरवं धाट आणा.

छेद दोन पेरांच्या मधल्या कांड्यातूनच घ्या. पेरावर घेतला तर पानाकडे वळणारे संवहनी पूल, म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे, आडवेतिडवे कापले जातात आणि काहीच उमगत नाही. पूर्ण गोल चकतीचा हट्टही सोडा. सालीसकट पाव भाग पातळ निघाला तरी पुरे. ब्लेड ओलं ठेवा आणि एका ओढीत कापा. सॅफ्रॅनिन या लाल रंगात बुडवल्यानंतर सगळंच लाल दिसत असेल तर छेद नीट धुतलेला नाही, पुन्हा पाण्यात घाला.

काळ्या जाड कडेचे गोल दिसले की 'सर, जलवाहिनी!' अशी हाक येते. ते हवेचे बुडबुडे असतात. कव्हरस्लिप, म्हणजे छेदावर ठेवायची पातळ काच, तिरपी धरून हळूहळू टेकवा.

आता आकृती. इथं सूर्यफुलाची सवय घात करते. द्विदल खोडातले पूल कड्यासारखे मांडलेले असतात, म्हणून हात आपोआप तसाच फिरतो. धाटात ते विखुरलेले असतात. सालीजवळ लहान आणि दाट, आत मोठे आणि विरळ. बाह्यत्वचेखाली दृढ ऊतीचा (जाड, कठीण भिंतींच्या पेशींचा) थर येतो, सूर्यफुलातली स्थूलकोन ऊती (कोपऱ्यांत जाड झालेल्या पेशींची) नाही. त्याच्या आत, पुलांच्या मधली जागा भरणारी, सगळी मूल ऊती. तिथं मध्यत्वचा आणि भेंड अशी वेगळी नावं लिहिली की मार्क गेलेच.

सगळ्यात जास्त वेळ एका पुलावर घालवा. भोवती दृढ ऊतीचं आवरण, आत इंग्रजी वाय अक्षरासारखी जलवाहिनी. दोन मोठ्या नळ्या वायच्या फांद्यांवर, लहान नळ्या दांड्यावर आणि दांड्याच्या टोकाला एक पोकळी. ही पोकळी म्हणजे फाटलेला छेद नव्हे. खोड लांबताना तिथल्या पेशी तुटून ती तयार होते, तेव्हा ती काढाच. वायचा दांडा खोडाच्या मध्याकडे असतो आणि फांद्यांच्या बेचक्यात, म्हणजे सालीच्या बाजूला, अन्न वाहणारी रसवाहिनी. सगळे वाय कागदावर उभे काढले, तर खालच्या अर्ध्या भागातले उलटे पडतात. ही चूक हुशार पोरांच्या वहीतही सापडते.

जलवाहिनी आणि रसवाहिनी यांच्यामध्ये एधा, म्हणजे खोड जाड करणारा वाढता थर, काढू नका. एकदल खोडात ती नसते, म्हणूनच शिंदीच्या खोडात वर्षवलयं सापडत नाहीत आणि आंब्यासारखं कलम तिच्यावर साधत नाही. ड्रॅसीनासारख्या काही एकदल झाडांची खोडं जाड होतात, पण ती वेगळ्या रीतीनं.

गव्हाची काडी घेतली असेल तर कांड्याचा मध्य पोकळ दिसेल. तो तसाच काढा, पुस्तकातल्या मक्यासारखा भरू नका.