आईच्या गुडघ्यांसाठी सागवानी खुर्ची

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी आईला घरातल्या खुर्चीतून उठताना गुडघ्यांचा फार त्रास होत असे. बैठक नीची असली की उठताना गुडघे अधिक वाकतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो, म्हणून नवी खुर्ची मी आईच्याच मापाने आखली. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील इतपतच उंची वाढवता येते, नाहीतर मांडीखाली कड रुतून पायांना मुंग्या येतात. तिच्यासाठी 18 इंच योग्य ठरले. खुर्चीचे हात पुढच्या पायांपर्यंत आणले, कारण उठताना माणूस त्यांच्या पुढच्या टोकावरच जोर देतो. पाठ मुद्दाम थोडीच कलती ठेवली.

लाकूड जुन्या माळवदाच्या सागवानी तुळईचे घेतले आणि रंध्याचे पाते वाचावे म्हणून आधी एकेक खिळा शोधून काढला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात खरी परीक्षा सांध्यांची असते: लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसते, आणि ओलसर लाकडाचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, वैशाखात खाचेत सैल पडते. वर्षानुवर्षे वाळलेल्या तुळईत ही भीती कमी. तरीही नुसत्या फेव्हिकॉलवर न विसंबता मी प्रत्येक सांध्यात लाकडी खुंटी ठोकली. कुसवातले छिद्र खाचेच्या छिद्रापेक्षा कुसवाच्या मुळाकडे सुमारे 1 मिलिमीटर सरकवून पाडले की खुंटी आत जाताना सांधा घट्ट ओढला जातो.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात.